सहावीचा मराठीचा तास हाती घेण्याआधी

पुस्तकाआधी हजेरीपट मागून घ्या. शाळा उघडायच्या दोन-तीन दिवस आधी तो घेऊन बसा आणि एकेक नाव मोठ्याने वाचा. पुण्यातल्या कुठल्याही वर्गात आता घरी कन्नड, मारवाडी, हिंदी, तेलुगू बोलणारी मुलं असतात. ज्या नावापाशी जीभ अडखळेल त्यावर पेन्सिलीने खूण करा आणि पहिल्या दिवशी त्या मुलालाच उच्चार विचारा. मराठीच्या बाईंनीच नाव चुकीचं घेतलं, तर पुढे वर्षभर त्याला ‘नीट उच्चार कर’ कुठल्या तोंडाने सांगणार?

पाठ्यपुस्तक कुठलं ते बघून घ्या. मराठी माध्यमाला ‘बालभारती’, इंग्रजी माध्यमाच्या वर्गाला ‘सुलभभारती’. दोन्ही सेनापती बापट रस्त्यावरच्या एकाच पाठ्यपुस्तक मंडळाची असली तरी पाठ वेगळे असतात. पालकांना वह्यांबद्दल लवकर कळवा, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अप्पा बळवंत चौकातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. २०२३-२४ पासून दोन वर्षं पुस्तकातच कोरी पानं जोडलेली होती. ती बंद झाली, त्यामुळे ‘वही कशाला?’ असं एखादे पालक विचारतीलच. मी दोनच वह्या मागते. दोनशे पानी वही वर्गपाठ-गृहपाठाला : पहिल्या पानावर अनुक्रमणिका, डावीकडे समास, वर तारीख. दुसरी शंभर पानी, मोकळी. तिच्यात मुलांनी काहीही लिहावं, मी वाचते पण लाल खूण करत नाही. हा शब्द मुलांना आधीच देऊन टाका, कारण एकदा जरी तिथे वेलांटी दुरुस्त केलीत तरी ती वही मेली.

आता तासाची पहिली पाच मिनिटं. इथे मात्र तयारी भरपूर हवी. तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं वह्या काढण्यात जातात. म्हणून मी वर्गात शिरायच्या आत फळ्यावर एक छोटं काम असतं आणि मुलांनी न विचारता ते सुरू करायचं असतं. गृहपाठ रोज फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, दुसरीकडे कुठेही नाही. ही सवय लागायला दोन आठवडे लागतात. त्या दोन आठवड्यांत पाठ मागे पडला तरी पडू द्या. पहिल्या दहा दिवसांची दहा कामं आत्ताच लिहून ठेवा.

शुद्धलेखनाचे मान्य नियम १८ आहेत : १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४. अठराच्या अठरा जूनमध्ये ओतू नका. मी एकापासून सुरुवात करते. फळ्यावर ‘फूल, मूल, वीट, गरीब’ लिहायचं, खाली ‘फुलाला, मुलाला, विटेला, गरिबाला’, आणि काय बदललं ते मुलांनीच सांगायचं. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, प्रत्यय लागला की ह्रस्व. मग तिसऱ्या बाकावरून हमखास प्रश्न येतो : ‘बाई, मग पूजेला लिहिताना पू दीर्घ का?’ उत्तर तयार ठेवा. तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला, आपली दीर्घता घेऊन आला. (मी इथे ‘असं’, ‘केलं’ लिहिते आहे आणि वहीत ‘असे’, ‘केले’ मागणार आहे, हेही एक चलाख मूल पकडतंच. बोलल्यासारखं लिहिताना चालतं, उत्तरपत्रिकेत नाही, असं सरळ सांगावं.)

वर्गाचे नियम मुलांकडून काढून घ्यायची पद्धत छान दिसते, पण एक नियम मी कुणालाही विचारून ठरवत नाही : वाचणाऱ्याला किंवा बोलणाऱ्याला हसायचं नाही. हा नियम मला माझ्याच चुकीने मिळाला. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, मला पेन नाय भेटला.’ मी लगेच म्हटलं, ‘अरे, पेन काय रस्त्यात भेटतो का?’ वर्ग खदाखदा हसला, मीही हसले. त्या मुलाचा हात दिवाळीपर्यंत वर आला नाही. आता बोलताना कुणाला अडवत नाही. छोट्या डायरीत टिपून ठेवते आणि दोन दिवसांनी ‘माणूस भेटतो, वस्तू मिळते’ हे नाव न घेता फळ्यावरच्या कामात येतं. ‘ती माझी मदत करते’ऐवजी ‘ती मला मदत करते’, हेही तसंच. ‘पानी’ म्हणणाऱ्याला ते घरचं बोलणं चूक आहे असं कधीही सांगू नका. वहीत ‘पाणी’ लिहायचं, एवढंच. हसण्याबद्दल पहिल्याच दिवशी बोला आणि पहिल्यांदा कुणी हसलं की तास थांबवा.

तपासणीचं गणित शाळा सुरू व्हायच्या आतच मांडा. ४५ वह्या, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. एकदम घरी नेल्यात तर रविवार गेला. रोज नऊ हजेरी क्रमांक, सोमवारी १ ते ९, मंगळवारी १० ते १८, असं केलं की २७ मिनिटं लागतात आणि एका मोकळ्या तासिकेत काम आटोपतं. त्या आठवड्यात फक्त एका प्रकारची चूक अधोरेखित करायची, हे पालकांनाही आधी सांगा. नाहीतर बाकीच्या चुका का राहिल्या म्हणून चिठ्ठी येते.

वाचनासाठी कपाटातला एक खण पुरतो. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मिळतील तितके ठेवा आणि देण्या-घेण्याची नोंद दोन मुलांवर सोपवा. वार्षिक नियोजनात पालखीचे दिवस आणि गणपतीचा आठवडा सैल सोडा. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला जानेवारीत हात घाला.

राहता राहिला पाऊस. दाराबाहेर छत्र्यांसाठी एक बादली आणि खिडकीच्या रांगेतल्या मुलांच्या वह्यांना प्लॅस्टिकचं कव्हर. शाई पसरलेल्या वहीवर मला तरी कधी गुण कापता आले नाहीत.