साडेतीन रुपये वाचवण्याचं कार्ड

मी वनाजला राहते आणि पिंपरीत एका छोट्या कारखान्याचे हिशोब लिहिते. रोज वनाजहून मेट्रो पकडायची, जिल्हा न्यायालय स्टेशनला (आम्ही अजून सिव्हिल कोर्टच म्हणतो) सरकत्या जिन्यांनी खाली जाऊन गाडी बदलायची आणि पीसीएमसी या पिंपरीच्या स्टेशनला उतरायचं. एका बाजूचे 35 रुपये. पुणे मेट्रोचं याहून महाग तिकीट नाही, त्यामुळे कार्डाचा हिशोब माझ्याइतका कुणी चघळला नसेल. ऑफिसात नवीन माणूस लागला की पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येतो, "ताई, ते मेट्रोचं कार्ड काढू का?" दर वेळी तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी पैशांचं. कार्डावर सोमवार ते शुक्रवार 10 टक्के सूट मिळते. शनिवार-रविवारी 30 टक्के मिळते, पण ती सगळ्यांनाच, कागदी तिकिटावरसुद्धा. ती कार्डाच्या खात्यात धरू नका. बरेच जण इथेच चुकतात आणि कार्डाने फार वाचतात असं सांगत सुटतात. माझे एका फेरीमागे वाचतात साडेतीन रुपये, दिवसाला सात. पुणे मेट्रोच्या या कार्डाचं नाव 'वन पुणे कार्ड', त्याची किंमत दीडशे आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 177. भागिले सात केलं की पंचवीस दिवसांच्या थोडं वर. सव्वीसाव्या कामाच्या दिवशी माझं कार्ड फिटलं. आता दहा रुपयांच्या टप्प्यात जाणाऱ्याचं बघा. त्याचा फेरीला एक रुपया वाचतो, दिवसाला दोन. त्याला 89 दिवस लागतील, म्हणजे चार महिन्यांहून जास्त. आठवड्यातून एकदा लक्ष्मी रोडला खरेदीला जाणाऱ्याने तर सवलतीसाठी कार्ड घेऊच नये. त्याला व्हॉट्सअॅपवरचं किंवा अॅपमधलं क्यूआर तिकीट पुष्कळ झालं.

कॉलेजच्या मुलांचं गणित एकदम वेगळं. पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना 'वन पुणे विद्यार्थी पास'वर 30 टक्के सूट आहे. बोनाफाइड आणि ओळखपत्र घेऊन जायचं. हे कार्ड 118 रुपयांना. माझ्याच मार्गावर शिकायला जाणाऱ्या पोरीचे दिवसाला 21 रुपये वाचतात, सहाव्या दिवशी कार्ड फुकट. घरात विद्यार्थी असेल तर विचार करत बसू नका, काढून टाका. दोन्ही कार्डांच्या बाबतीत काउंटरवर एक प्रश्न मात्र नक्की विचारा: वार्षिक शुल्क आहे का, असेल तर किती आणि कधी कापतात? ते मिळवूनच वरचा भागाकार करा.

मग 89 दिवसवाल्याने कार्ड घ्यायचंच नाही का? तसंही नाही. सकाळी पावणेनऊला तिकीट खिडकीची रांग बघा. फोनवर तिकीट काढणाऱ्यांचा नेमका तेव्हाच ओटीपी येत नाही, नाहीतर नेट जातं, नाहीतर बॅटरी 2 टक्क्यांवर असते. कार्डाला यातलं काहीच लागत नाही. मी पैशासाठी कार्ड काढलं आणि ठेवलंय ते रांगेसाठी, असं म्हटलं तरी चालेल.

काढायला निघण्याआधी आपलं पाकीट उघडून बघा. तुमच्या बँकेने गेल्या काही वर्षांत रुपे डेबिट कार्ड दिलं असेल आणि त्यावर आडव्या वाय-फायसारखी चार कमानींची खूण असेल, तर ते नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड असण्याची बरीच शक्यता आहे. 2019 च्या मार्चमध्ये सुरू झालेली ही देशभराची पद्धत. 'वन पुणे'ही त्याच जातीचं. काउंटरवर तेच कार्ड पुढे करा आणि विचारा, यावर चालेल का, आणि सूट मिळेल का. दोन्हीला 'हो' आलं तर 177 वाचले. मी स्वतः मात्र वेगळंच कार्ड ठेवलं. का, ते पुढे येईल.

कार्ड काढणं सोपं आहे. मोबाइल नंबर, ओळखपत्राचा नंबर, फोनवर येणारा ओटीपी, झालं. नंबर स्वतःचा द्या. आमच्या एका सहकाऱ्याने मुलाचा नंबर दिला. मुलगा आता बंगळुरूला असतो, आणि प्रत्येक ओटीपीसाठी याचा तिकडे फोन.

आता मुख्य गोष्ट. इथे मी स्वतः तोंडावर आपटले. कार्ड घेऊन दोन आठवडे झाले होते. रात्री घरी बसून फोनवरून 500 रुपये भरले, बँकेचा मेसेज आला, निवांत झोपले. सकाळी फाटकावर कार्ड टेकवलं तर लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे माणसं थबकलेली. काउंटरवरच्या मुलाला मी फोनमधला मेसेज दाखवला, आवाजही जरा चढला असेल. त्याने कार्ड त्याच्या मशीनवर ठेवलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली. शिल्लक 8 रुपये. "मॅडम, पैसे आलेत, पण कार्डात उतरले नाहीत." त्याने दोन बटणं दाबली, कार्ड पाच-सहा सेकंद तसंच ठेवलं. शिल्लक 508.

तीस वर्षं हिशोब लिहिणाऱ्या बाईला ही गोष्ट एका वाक्यात कळायला हवी होती: चेक भरला होता, वटला नव्हता. या कार्डात दोन कप्पे असतात. एक बँकेच्या सर्व्हरवर, दुसरा कार्डाच्या चिपमध्ये. मेट्रोचं फाटक फक्त चिप वाचतं. ते बँकेला विचारायला जात नाही, म्हणूनच तर क्षणात उघडतं, जमिनीखालच्या स्टेशनातसुद्धा. फोनवरून भरलेले पैसे पहिल्या कप्प्यात पडतात. तिथून चिपमध्ये यायला कार्ड एकदा मशीनवर टेकवून 'बॅलन्स अपडेट' करावं लागतं. रोख देऊन काउंटरवर भरले तर ते सरळ चिपमध्ये लिहिले जातात. त्यामुळे माझी पद्धत अशी: महिन्याच्या पहिल्या सोमवारी नाही, कारण त्या दिवशी रांग असते. पहिल्या बुधवारी संध्याकाळी परतताना काउंटरवर महिन्याभराचे पैसे भरते, पावती घेते, पावतीवरची शिल्लक तिथेच उभी राहून वाचते. फोनवरून भरायचं असेल तर रात्री भरा, पण दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी निघा.

चिपमध्ये जास्तीत जास्त 2000 रुपये राहतात. तेवढे ठेवू नका. कारण सांगते. या कार्डाला पिन लागत नाही, टेकवलं की झालं. हरवलं तर बँकेला फोन करून सर्व्हरवरचा कप्पा बंद करता येतो. चिपमधली शिल्लक मात्र पाकिटातल्या नोटांसारखी, ज्याला सापडली त्याची. याच कारणासाठी मी पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड फाटकावर काढत नाही. गर्दीत हातातून पडलं तर आपलं प्रवासाचं कार्ड पडावं, बँकेचं नको. पण अगदी रिकामंही ठेवू नका. पीसीएमसीहून वनाजला परतायचे पैसे कायम हवेत, शिवाय एखादी जादा फेरी.

फाटकावरची रीत. कार्ड झटकून मारायचं नाही, सपाट टेकवायचं आणि अर्धा-एक सेकंद धरून ठेवायचं. चिपमध्ये जुनी शिल्लक खोडून नवी लिहिली जात असते. मध्येच उचललंत तर पुन्हा टेकवावं लागतं. अख्खी पर्स टेकवू नका. पर्समध्ये अशा दोन कार्डांनी एकदम उत्तर दिलं तर फाटक गोंधळतं. त्याहून वाईट म्हणजे आत जाताना एक कार्ड वाचलं जातं, बाहेर येताना दुसरं. मग पहिल्यावर 'आत गेली, बाहेर आलीच नाही' अशी नोंद राहते आणि ती मिटवायला काउंटर गाठावं लागतं. आणि एका कार्डावर दोघं जाता येत नाहीत. सासूबाई आल्या की मी त्यांना फोनवर तिकीट काढून देते. मात्र त्या कागदीच मागतात, कारण 'हातात काहीतरी असावं'.

कार्डाला भोक पाडून गळ्यात अडकवायची हुशारी करू नका. आमच्या स्टोअरच्या काकांनी पंचिंग मशीनने नीट कोपऱ्यात भोक पाडलं, दोरी ओवली, आणि कार्ड मेलं. आत कडेकडेने बारीक तारेची वेटोळी असतात, तोच त्याचा अँटेना. ती तुटली की संपलं. प्लॅस्टिकचं पाकीट दहा रुपयांना मिळतं.

आता ज्यांचं घर स्टेशनला लागून नाही त्यांच्यासाठी, आणि पुण्यात तेच जास्त. जून 2025 पासून पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, पहिल्या पाच किलोमीटरचं तिकीट 10 रुपये झालं. दैनंदिन पास 70, मासिक 1500, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे चालणारा. माझा कार्डावरचा मेट्रोचा दिवस 63 रुपयांचा, महिन्याचे 22 दिवस धरले तर 1386. इथवर मेट्रो पुढे. पण घरापासून स्टेशनपर्यंत जाता-येता बस लागली की दिवसाला 20 वाढले, महिना 1826 वर गेला. मग मासिक पास सव्वातीनशेने स्वस्त. फक्त त्यात तुमचा वेळ धरलेला नाही, आणि पावसाळ्यातला मुंबई-पुणे रस्ता तर मुळीच नाही. मी पाऊण तासात टेबलाशी असते. बसने कधी पोचेन, हे चिंचवडचा गणपतीच जाणे. बसमध्ये तुरळक जायचं असेल तर पास नको, कंडक्टरकडे क्यूआर असतो, त्यावर भरा. आणि ज्येष्ठांनी पीएमपीचा 500 चा मासिक पास आधी बघावा, मेट्रोचं कार्ड नंतर.

हेच कार्ड परगावीही चालतं, ही याची खरी मजा. मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या मेट्रोत ही पद्धत आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे सूट कार्डाची नसते, त्या त्या मेट्रोची असते. पुण्याची 10 टक्के सूट तुमच्याबरोबर अंधेरीला येत नाही. दुसरं, पास हा चिपमध्ये त्या त्या मेट्रोच्या वेगळ्या खणात लिहिला जातो. परगावचा पास घ्यायचा तर आधी तिथल्या काउंटरवर तो खण उघडून घ्यावा लागतो. साध्या शिलकीवर जायचं असलं तरी पहिल्या दिवशी काउंटरवर विचारूनच फाटकाकडे जा. बोरीवलीच्या नणंदेकडे जाताना मी तेच केलं, आणि मागच्या रांगेचे टोमणे वाचले.

शेवटचं, कार्डावर छापलेली मुदतीची तारीख. ती कुणी वाचत नाही. माझ्या डायरीत ती लिहिलेली आहे, आणि तिच्या तीन महिने आधीच्या पानावर लाल शाईने: 'एका वेळी 200 पेक्षा जास्त भरू नये.'