आधी काट्यावर, मग घाटात: छोट्या स्पोर्टी गाडीचं वजन आणि गिअर

गिअर टाकणं आणि गाडीचा तोल सांभाळणं हे एकच काम आहे. क्लच सोडताना बसलेला हिसका गाडीचं वजन पुढे किंवा मागे ढकलतो, आणि टायरला पकड किती मिळणार हे त्या क्षणी त्याच्यावर किती वजन आहे त्यावर ठरतं. त्यामुळे कसारा घाटात किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडाकडे चढणाऱ्या वळणांवर गाडी नेमकी चालवायची असेल, तर पहिली फेरी वजनकाट्यावर मारा.

परवडणाऱ्या किमतीत मॅन्युअल गिअरसह आपल्याकडे आलेल्या स्पोर्टी गाड्या पाहा: आय-२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर, सेकंड हँड बाजारात मिळणारी पोलो १.० टीएसआय, पुंटो अबार्थ. सगळ्यांचं इंजिन पुढे आणि आडवं, आणि ताकद पुढच्याच चाकांना. अशा गाडीत साधारण ६० टक्के किंवा त्याहून जास्त वजन पुढच्या ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या आसावर असतं. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ मध्ये इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवून ताकद मागच्या चाकांना दिली, म्हणून तिथे वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी आहे. तिच्यासाठी लिहिलेले सल्ले आपल्या हॅचबॅकला जसेच्या तसे लावू नका. काही ठिकाणी परिणाम थेट उलटा होतो.

काट्यावर काय करायचं

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजाराभोवती ट्रकचे वजनकाटे सापडतात. कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरांची रांग असते. दुपारी उशिरा गेलात तर काटेवाला निवांत भेटतो. जाण्याआधी टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा, डिकी रिकामी करा (स्टेपनी आणि जॅक राहू द्या) आणि टाकीत पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे ३७ लिटरची टाकी पूर्ण असेल तर २८ किलो.

तीन आकडे घ्या. आधी पूर्ण गाडी काट्यावर. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेरच्या सपाट भागावर. शेवटी पुढची चाकं उतरवून फक्त मागची. तिन्ही वेळा चालक सीटवरच बसलेला, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला हवा. पुढचं आणि मागचं वजन मिळून पूर्ण वजनाशी १०-२० किलोच्या आत जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर काट्याबाहेरची जमीन काट्याच्या पातळीत नाही. दुसरा काटा शोधा. ट्रकचा काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानेच मोजतो, तेव्हा हिशेबात एखादा टक्का इकडेतिकडे होणारच.

समजा पुढे ६८० आणि मागे ४२० आले. एकूण १,१०० किलो, म्हणजे पुढे जवळपास ६२ टक्के. आता ब्रेक मारल्यावर काय होतं ते काढा. पुढे सरकणारं वजन म्हणजे एकूण वजन गुणिले ब्रेकची तीव्रता गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर). उंची ०.५५ मीटर आणि व्हीलबेस २.४५ मीटर धरा. कोरड्या रस्त्यावर ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतका जोरदार ब्रेक लागला, तर सुमारे १९८ किलो पुढे जातात. पुढची दोन चाकं ८७८ किलो पेलतात आणि मागच्या दोन चाकांवर मिळून २२२ किलो उरतात. याच क्षणी स्टिअरिंग फिरवलं, तर मागची बाजू बाहेर झोकते ती याचमुळे. हळू, ०.३ जीचा ब्रेक लावला तर जेमतेम ७४ किलो सरकतात. गाडी तीच, वळण तेच. फरक फक्त पायाचा.

तोल सुधारायला काय हलवावं? बहुतेक वेळा काहीच नाही. १२ किलोची बॅटरी बॉनेटखालून डिकीत नेली, म्हणजे साधारण २.८ मीटर मागे, तर जेमतेम १४ किलो एका ॲक्सलवरून दुसऱ्यावर जातात, सव्वा टक्का. त्यासाठी जाड केबल, फ्यूज, बॅटरीतून निघणारा वायू बाहेर सोडायची सोय आणि विम्याचा प्रश्न असा सगळा व्याप. स्टेपनी काढून वजन कमी करू नका. तसं केल्यावर हलकी होते ती नेमकी मागची बाजू, जी आधीच हलकी आहे. छतावरचं कॅरिअर मात्र नक्की उतरवा, कारण ते गुरुत्वमध्य वर नेतं आणि वरच्या सूत्रातून निघणारा प्रत्येक आकडा वाढवतं. मागच्या सीटवर दोघे बसले की पुढची टक्केवारी ६२ वरून ५७ च्या आसपास येते. चौघं घेऊन निघालेली गाडी वळणावर वेगळी वागते ती म्हणूनच. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर स्वतःचे आकडे पुन्हा घ्या. मागच्या स्प्रिंगवरचा भार बदललेला असतो.

आरपीएमचा तक्ता

खालचा गिअर टाकताना इंजिन किती फिरलं पाहिजे हे अंदाजावर सोडू नका. मोकळ्या सरळ रस्त्यावर, शेजारी कुणाला वही देऊन, ४० च्या वेगाला दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती दिसतो ते लिहून घ्या. ६० ला तिसरा आणि चौथा. पहाटेचा त्र्यंबक रस्ता किंवा दिंडोरीकडचा एखादा सरळ पट्टा याला पुरतो. वेगाची चाचणी नाही ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

आकड्यांचं नातं सोपं आहे. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) १.९० आणि तिसऱ्याचं १.२८ असेल, तर तिसऱ्यात ३,००० वर फिरणारं इंजिन दुसऱ्यात त्याच वेगाला ४,४५० वर फिरणार. हा जवळपास १,५०० चा फरक तुम्ही रेस देऊन भरला नाही, तर तो क्लच आणि पुढचे टायर भरून काढतात. कोरड्यात फक्त हिसका बसतो. पावसाळ्यात, ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर सांडलेला असताना, पुढची चाकं क्षणभर घसरतात आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरळ चालू लागते. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत याच चुकीने मागची बाजू फिरते.

पायांचा क्रम असा: सरळ रस्त्यातच ब्रेक लावून वेग उतरवा. ब्रेक हळूहळू पूर्ण सोडा. क्लच पूर्ण दाबा, लिव्हर तिसऱ्यातून न्यूट्रलमार्गे दुसऱ्याकडे न्या, त्याच वेळी ॲक्सिलरेटरला छोटा, ठाम टोला द्या. आरपीएम वर जाऊन हव्या आकड्याजवळ परतत असताना क्लच सोडा. बरोबर जमलं की नाही हे शेजारी बसलेल्याच्या मानेवरून कळतं. मान पुढे झुकली तर रेस कमी पडली, मागे गेली तर जास्त झाली.

ब्रेक आणि रेस एकाच पायाने, म्हणजे हील अँड टो, हे पुढचं पाऊल आहे आणि घाटासाठी ते अत्यावश्यक नाही. अनेक हॅचबॅकमध्ये ब्रेकचा पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा बराच वर असतो. जोरात दाबल्याशिवाय पाय दुसऱ्या पेडलपर्यंत पोचतच नाही. शिवाय ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असलेल्या काही गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबले की संगणक रेस कापतो. उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, ब्रेक दाबून रेस देऊन बघा. इंजिनाने उत्तर दिलं नाही, तर ही पद्धत त्या गाडीसाठी नाही.

वरचा गिअर टाकताना उलटी अडचण येते. नव्या गाड्यांत पाय उचलला तरी आरपीएम हळू उतरतो, कारण धुराच्या नियमांसाठी इंजिन तसंच बसवलेलं असतं. घाईने क्लच सोडला तर गाडी पुढे ढकलली जाते. न्यूट्रलमध्ये अर्धा सेकंद थांबा, आरपीएमचा काटा खाली येऊ द्या, मग क्लच सोडा.

वळणाच्या आत गिअर नको

हा एकच नियम पाळला तरी अर्ध्या चुका टळतात. गिअर वळणाआधी. आत शिरल्यावर क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते, आणि पुन्हा सोडला की वजन सरकतं, तेही टायर सर्वात जास्त ताणलेले असताना. शिरताना ब्रेक झटक्यात सोडू नका, हळूहळू उचला, म्हणजे नाक जागेवर राहतं आणि पुढचे टायर वळायला तयार असतात. वळणाच्या मधोमध हलकी रेस टिकवा. वेग जास्त वाटला म्हणून घाबरून पाय पूर्ण उचलला, तर वजन पुढे धावतं आणि मागची बाजू सुटू शकते.

उतारावर, मुंबईच्या दिशेने कसारा उतरताना, ज्या गिअरमध्ये हे अंतर चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. फक्त ब्रेकवर उतरलात तर पॅड तापून पकड सोडतात. गडाच्या घाटाचा सराव करायचा तर चैत्रोत्सव आणि नवरात्र टाळा. त्या दिवसांत खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात.

सर्वात महागडी चूक म्हणजे पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडणं. पाचव्याचं गुणोत्तर ०.७६ आणि १०० च्या वेगाला २,८०० आरपीएम असेल, तर दुसऱ्यात क्लच सोडताच इंजिन ७,००० वर खेचलं जातं. इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा रेव्ह लिमिटर इथे वाचवत नाही. तो फक्त इंधन कापतो आणि इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. उपाय हाताचा आहे: लिव्हर मुठीत आवळू नका. पाचव्यातून चौथ्यात उघड्या तळव्याने सरळ मागे ओढा. मधली स्प्रिंग लिव्हरला आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते.

बिघाड ओळखायचे असतील तर: इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. एकच गिअर, बहुधा दुसरा, कुरकुरतो, तर त्याची सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी दोन चक्रांचा वेग जुळवणारी कडी) झिजली आहे. चौथ्यात ४० वर पूर्ण रेस दिली आणि आरपीएम चढला पण वेग नाही, तर क्लच प्लेट संपली.

सिंक्रोच्या तक्रारीत गिअरबॉक्स उघडण्याआधी तेल बदलून बघा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे माहितीपुस्तिकेत, जीएल-४ ही तेलाची प्रत लिहिली असेल तर जीएल-५ घालू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी रिंगा खाऊ शकतात. तेल किती लागतं याचा नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. १५ मिनिटं चालवून तेल कोमट करा, गाडी चारही बाजूंनी सपाट उचला, स्टँड लावा. आणि ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी वरचा फिलर बोल्ट उघडतो का ते पाहा. तो गंजून अडकला असेल आणि खालून तेल निघून गेलं असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. ड्रेन बोल्टवरच्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटलेला दिसणं नेहमीचं आहे. धातूचे कण बोटाला टोचले तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. बोल्ट पुसून, नवा वॉशर घालून आवळा, नवं तेल फिलरच्या भोकातून बाहेर ओघळेपर्यंत भरा, ओघळणं थांबलं की फिलर बोल्ट बंद करा.