सब कोपऱ्यात, नॉब फुल्ल: होम थिएटर लावताना या चुका टाळा

गणपतीला आठ दिवस उरले की माझा फोन थांबत नाही. चाकरमानी घाट उतरून येतो. डिकीत मखराच्या सामानाखाली रिसिव्हरचा, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या मशीनचा खोका, मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला सबवूफर, म्हणजे बेस वाजवणारी पेटी, थोडक्यात 'सब'. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन: "सगळं लावलंय हो, पण बेसच येत नाही. जरा येऊन जाता?" कणकवलीत मी हे जोडण्या-उसवण्याचं काम बरीच वर्षं करतोय. जातो. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं.

सब जिथे मावेल तिथे ठेवणं

सबवूफर कुठे ठेवायचा हे आपल्याकडे घरातली रिकामी जागा ठरवते. टीव्हीच्या बाजूचा कोपरा मोकळा आहे ना, ढकला तिथे. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. मग सोफ्यावर बसून ऐकायचं आणि बेस कमी वाटला की मागचा नॉब पिळायचा. तरी कमी वाटला की आणखी पिळायचा.

देवगडच्या बाजूचं एक घर. नवं, चिऱ्याचं, वर स्लॅब. हॉल 16 फूट लांब, 12 फूट रुंद. सब 12 इंची, चांगला दणकट. मुलाची तक्रार अशी की सोफ्यावर काहीच जाणवत नाही, पण आजी मात्र ओरडते. आजी मागच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेली. मला दाखवायला म्हणून त्याने एक स्फोट लावला. सोफ्यावर मला नुसता कोरडा तडतडाट ऐकू आला. मागे मात्र फळीवरचे स्टीलचे डबे एका सुरात थरथरले, पिठाच्या डब्याचं झाकण सरकत सरकत काठाला आलं आणि खणकन खाली पडलं. आजी म्हणाली, "अरे मेल्यांनो, भूकंप इलो की काय?"

आजीचं बरोबर होतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 16 फूट म्हणजे जवळजवळ 4.9 मीटर, आणि एवढ्या अंतरात 35 हर्ट्झच्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते. दोन्ही भिंतींपाशी ती फुगते, खोलीच्या मधोमध तिचा दाब जवळपास नाहीसा होतो. सोफा मधोमध होता, टेप लावून मोजल्यासारखा. अशा खड्ड्यात बसून नॉब पिळला तर खड्डा भरत नाही, भिंतीपाशी जे फुगलंय तेच आणखी फुगतं. म्हणजे सगळा बेस आजीकडे. त्यात सब कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातून खोलीतल्या अशा सगळ्याच लाटा जोरात उठतात.

मी आधी सोफा अडीच फूट मागे घेतला. घरच्यांना आवडलं नाही, कारण मध्ये ठेवलेला सोफा 'शोभतो'. मग सब उचलून सोफ्यावर, जिथे माणूस बसतो नेमका तिथे ठेवला, त्यावर खालच्या सुरांची एकसारखी चाल लावली आणि भिंतीकडेने रांगायला लागलो. हो, खरंच रांगायला. कान सबच्या उंचीला यायला हवा, म्हणून दोन्ही हात-गुडघे जमिनीवर. जिथे सूर घुमत नाही, दबतही नाही, खालपासून वरपर्यंत सारखा भरीव लागतो, तिथे खडूने फुली मारायची. मग सब त्या फुलीवर आणायचा. दोन जागांमधली ये-जा दोन्ही दिशांनी सारखीच असते, म्हणून ही युक्ती चालते. मुलाचे वडील दारात येऊन उभे राहिले आणि विचारते झाले, "काय पडला काय रे तुझा खाली?"

फुली आली खिडकीखाली, डाव्या भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर. नॉब फुल्लवरून अर्ध्याच्याही खाली आला. डबे गप्प झाले. शेवटची पारख मी नेहमी पखवाजावर करतो. वारकरी भजनाचं एक रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये कायम असतं. डाव्या पुडीचा प्रत्येक घाव सुटा ऐकू आला पाहिजे, घावाच्या मागे शेपूट लोंबता कामा नये. स्फोट कुठल्याही सबवर वाजतो, त्यावरून काही कळत नाही.

या सगळ्याला अर्धा तास लागतो. लोक तेवढा अर्धा तास देत नाहीत, आणि मग आठ दिवस ऑनलाइन मंचावर 'कोणता महागडा सब घेऊ' विचारत बसतात. माझं मत विचाराल तर ज्याने एकदाही रांगून बघितलं नाही त्याला दुसरा सब विकूच नये.

जुन्या कौलारू घरात मामला थोडा वेगळा. तिथला खालचा सूर माळ्यातून आणि कौलांतून बाहेर निसटतो, त्यामुळे घुमणं कमी, पण दमही कमी. शिवाय कौलं, पितळी भांडी, पूर्वजांचे फोटो असं काहीतरी खणखणतंच. 30 ते 80 हर्ट्झचा सूर सावकाश चढवत न्या आणि एकाला घरभर फिरवून खणखणणारी वस्तू शोधा. फोटोच्या मागे रबराचा तुकडा चिकटवला की निम्मी 'सब फाटलाय' ही तक्रार संपते.

स्पीकर 'लार्ज' ठेवणं

रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकर 'लार्ज' की 'स्मॉल' ते सांगायचं असतं. 'स्मॉल' म्हटलं की लोकांना अपमान वाटतो. एवढे पैसे घातले आणि स्मॉल? अहो, त्या शब्दाचा पेटीच्या आकाराशी संबंध नाही. स्मॉल म्हणजे खालचे सूर सबकडे पाठवा, एवढंच. साडेपाच-सहा इंची कोनाच्या स्पीकरला 40 हर्ट्झ वाजवायला लावणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. स्मॉल करा, क्रॉसओव्हर, म्हणजे जिथून खाली सूर सबकडे जातात ती सीमा, 80 हर्ट्झवर ठेवा आणि त्याच्याशी खेळू नका. अगदीच छोटे स्पीकर असतील तर 100 किंवा 120.

याचीच जुळी चूक: रिसिव्हरमध्ये 80 लावायचं आणि सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉबही 80 वर आणायचा. दोन चाळण्या एकावर एक बसल्या की मधला भाग दोनदा गाळला जातो आणि पुरुषी आवाज पोकळ लागतो. सबवरचा तो नॉब शेवटपर्यंत वर, किंवा एलएफई (सिनेमातल्या बेसचा वेगळा ट्रॅक) असं लिहिलेलं बटण असेल तर ते. गाळायचं काम रिसिव्हरला करू द्या.

रिसिव्हरमध्ये 'एलएफई प्लस मेन', म्हणजे तोच बेस सब आणि मोठे स्पीकर दोघांनाही देणारा पर्याय दिसला तर तिकडे जाऊ नका. बेस दुप्पट होतो आणि चिखल चौपट.

माइक मांडीवर धरून कॅलिब्रेशन

रिसिव्हरबरोबर येणारा तो छोटा माइक. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, नाव काहीही असो, काम एकच: प्रत्येक स्पीकरचं अंतर, पातळी आणि सूर मोजणं. लोक हा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवतात, हातात धरतात, एकाने तर पाटावर तांब्या ठेवून त्यावर ठेवला होता. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घ्या, माइक कानाच्या उंचीला, तोंड छताकडे, आणि पहिलं मोजमाप तुम्ही जिथे बसता तिथेच. पंखा बंद. फ्रिजसुद्धा पंधरा मिनिटं बंद. पोरं अंगणात.

झाल्यावर आकडे बघा, पण लगेच 'सुधारायला' जाऊ नका. सब 10 फुटांवर असताना रिसिव्हर 17 फूट दाखवतो तेव्हा तो चुकलेला नसतो. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला जो उशीर होतो तो त्याने अंतरात धरलेला असतो. लोक मोठ्या हुशारीने ते 10 करतात आणि सब व स्पीकर यांची जुळणी मोडतात. एक आकडा मात्र मी नेहमी बघतो, सबची पातळी. ती उणे 12 वर, म्हणजे अगदी खालच्या टोकाला अडकली असेल तर सबचा नॉब फार वर आहे. तो खाली घ्या आणि पुन्हा मोजा.

व्हॉल्यूम उणे 25 दिसतो म्हणून घाबरणारेही भेटतात. शून्य ही सिनेमागृहाची पातळी, घरात तिथवर जायची गरज नाही.

हम आला की अर्थिंगची पिन कापणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून यावर जरा बोलतो. रिसिव्हर लावला, सबमधून सतत 'हूंऽऽ' येतोय. त्या वयात कुणीतरी सांगितलं होतं की प्लगची जाड पिन काढली की हम जातो. काढली. गेला. वाहवा झाली. चार महिन्यांनी पावसात त्याच घरातून निरोप आला की रिसिव्हरला हात लावला की झिणझिण्या येतात. आत विजेची गळती झाली होती आणि तिला जमिनीत जायची वाट मीच तोडलेली. ओल्या पायाने लहान मुलाने हात लावला असता तर? त्या दिवसापासून माझ्या पिशवीत पिन कापायचा विषय नाही.

सबमधला हम बहुतेक वेळा डिशच्या केबलमधून येतो. तपासणं सोपं आहे: सेट टॉप बॉक्सची जाड केबल मागून सोडवा. हम थांबला? चोर सापडला. मग टीव्ही, बॉक्स, रिसिव्हर, सब हे सगळं एकाच बोर्डावर आणा आणि डिशच्या केबलचं अर्थिंग घराच्याच अर्थिंगला जोडून घ्या. हे वायरमनकडून करून घ्या. घराचं अर्थिंगही एकदा बघायला सांगा. जांभ्याच्या कातळावर मे महिन्यात जमीन इतकी कोरडी असते की खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतत राहिल्याशिवाय ते नावालाच असतं.

वीज चमकल्यावर प्लग काढायला धावणं

मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, दोन्ही वेळा माझ्याकडे मेलेले रिसिव्हर येतात. कुडाळजवळच्या एका गिऱ्हाइकाने प्लग इमानदारीत काढला होता. डिशची केबल मात्र तशीच. वीज बाजूच्या माडावर पडली. झटका डिशमधून बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयने रिसिव्हरमध्ये. रिसिव्हर चालू होतो, रेडिओ लागतो, पण एचडीएमआयची एकही खिडकी, म्हणजे केबल लावायचं पोर्ट, चालत नाही. बोर्ड बदलण्याचा खर्च ऐकून तो गप्प बसला. स्पाइक गार्ड असल्या जवळच्या विजेपुढे टिकत नाही. आभाळ भरलं की प्लगही काढा आणि डिशची केबलही. गडगडाट ऐकून धावण्यात अर्थ नाही.

बारीकसारीक

स्पीकरच्या वायरचे दोन केस बाहेर राहिले आणि शेजारच्या टर्मिनलला लागले की रिसिव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो. तो जळलेला नाही. वायर नीट पिळून पुन्हा लावा.

लाल लालला, काळी काळीला. एक जरी स्पीकर उलटा लागला तरी बेस पातळ होतो.

सबचं फेज बटण (सबची लाट स्पीकरच्या लाटेशी जुळवणारं) 0 वर आणि 180 वर ऐका. बसल्या जागी जिथे भरीव लागतं ते ठेवा. बाकी शास्त्र नंतर.

टीव्हीच्या ज्या एचडीएमआयवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे परत पाठवणारी सोय) लिहिलंय त्यातच रिसिव्हरची केबल. भलत्या खिडकीत लावून 'रिसिव्हर खराब' म्हणणारे दर महिन्याला भेटतात.

रिसिव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर निदान चार-पाच इंच मोकळे हवेत. वर गणपतीचं तबक तर नकोच.

मालवण-वेंगुर्ल्याकडे किनाऱ्याजवळ तांब्याच्या उघड्या तारेवर वर्षभरात हिरवा कळक चढतो. मी दरवर्षी पावसानंतर अर्धा इंच कापून नवी तार उघडी करतो. पावसाळ्यात घर बंद ठेवून मुंबईला जाणार असाल तर शेजाऱ्याला सांगून दर दहा दिवसांनी तासभर सगळं चालू करायला लावा. आतली ओल निघून जाते.

सबच्या मागच्या भोकाला जाळी बसवा. एकदा भोकात हात घातला तर आतून काथ्या, सुपारीची सालं आणि उंदराची चार पिल्लं निघाली. मालक म्हणत होता, बेस हल्ली जरा मऊ झालाय.

आणि एक. जुलैत कॅलिब्रेशनसाठी फोन करू नका. पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसात रिसिव्हर 'आजूबाजूला आवाज फार आहे' म्हणून मोजायलाच नकार देतो. येईन, वायर ठीक करून जाईन, चहाही घेईन. माइक दसऱ्यानंतर आणतो.