गेंड्या भुंग्याचं त्रिमितीय मॉडेल

नारळावरचा मेलेला गेंड्या भुंगा पहिल्यांदा स्कॅन केला, म्हणजे सगळ्या बाजूंनी फोटो काढून सॉफ्टवेअरनं ते जोडले, तेव्हा मॉडेलच्या पाठीवर खड्डेच खड्डे आले. कारण चकाकी. भुंगा फिरतो तशी काळ्या कवचावरची उजेडाची तिरीप जागा बदलते आणि सॉफ्टवेअर फसतं. म्हणून आधी उजेड मवाळ करा: भोवती पांढऱ्या कागदाचं नळकांडं, लेन्सपुरतं भोक, दिवे बाहेर.

टाचणी पोटाकडून, अगदी उभी टोचा. पाय आणि मिशा पसरून नीट वाळू द्या. मध्येच एखादी मिशी कलली तर मॉडेलमध्ये ती दोनदा उमटते.

टाचणी स्टेपर मोटरवर (ठरावीक अंशांनी थांबत फिरणाऱ्या मोटरवर) बसवून दर 10 अंशांना थांबा, म्हणजे फेरीत 36 जागा. अगदी जवळून फोटो काढणाऱ्या मॅक्रो लेन्सला एका वेळी पातळ थरच स्पष्ट दिसतो. त्यामुळे प्रत्येक जागी कॅमेरा किंचित सरकवत 15 फोटो काढून त्यांचं एक चित्र करा. पाच उंचींवरून फेऱ्या केल्या की 2700 फोटो! हे हातानं करू नका. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलेली ‘स्कॅन्ट’ ही मुक्तस्रोत प्रणाली मोटर आणि कॅमेरा दोन्ही सांभाळते. मॉडेल ‘मेशरूम’ या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बांधा.

फोटोंवरून आकार कळतो, माप नाही. भुंग्याची लांबी कॅलिपरनं आधीच मोजून लिहून ठेवा.