किमान वेतनावर गोव्यात राहताय? या चुका टाळा

कुंडईच्या एका कारखान्यात मी कामगारांच्या पगाराचे काम बघतो. पगार झाला की दुसऱ्या दिवशी नवी पोरे येतात आणि विचारतात, "पगार कमी कसा आला?"

कमी आलेला नसतो, आधीच चुकीचा मोजलेला असतो. किमान वेतन रोजावर ठरते आणि महिना 26 दिवसांचा धरतात. समजा रोज 500 रुपये आहे. पोरगा 30 ने गुणून 15,000 धरतो. प्रत्यक्षात होतात 13,000. त्यातून पीएफचे 12 टक्के, म्हणजे 1,560, आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, 98 वजा झाले की हातात 11,342 उरतात.

सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाने असाच हिशेब करून फोंड्यात एकट्यासाठी खोली घेतली, डिपॉझिट उसने काढून. वर मोबाइलचा हप्ता. दुसऱ्याच महिन्यात तापाने पडला आणि खासगी इस्पितळात भरती झाला. "ईएसआयला रांगेत कोण बसणार?" बिल भागवायला ठेकेदाराकडून उचल घेतली. पुढचे तीन पगार कापून आले आणि खोली सोडावी लागली. ईएसआयचे उपचार नोकरीला लागल्या दिवसापासून मिळतात, घरच्यांनाही. दवाखाने आहेत, मडगावला इस्पितळ आहे. दर महिन्याला पैसे कापून घ्यायचे आणि गरज पडली की बाहेर रोख मोजायची, हे बघून जीव तुटतो. मी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात समोर बसवून ईएसआय नंबर कागदावर लिहून देतो, आईवडिलांची नावे घालून घेतो.

ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो खरा, पण त्याच्यावर हप्ता बांधू नका. ऑर्डर कमी झाली की तो आधी बंद होतो.

नोकरी बदलली की पीएफ काढून मोकळे होणाऱ्यांना माझे एकच सांगणे: त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, नव्या खात्यात वळवा. पेन्शनला एकूण 10 वर्षांची नोकरी लागते.

रोज तिकीट काढण्यापेक्षा कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, मासिक पास घ्या.

आता उधारीची वही. दुकानदार फसवतो असे नाही, पण वहीत तांदूळ-डाळ थोडी आणि थंडा, वेफर्स, रिचार्ज, सिगारेट जास्त असते. रोख मोजताना हात आखडतो, वहीत लिहिताना आखडत नाही. मी पगाराच्या संध्याकाळीच उकडे तांदूळ, डाळ, तेल, कांदे रोखीने भरतो. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर, तिथे बाजारापेक्षा स्वस्त पडते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या मागे लागू नका. मे महिन्यातच पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचे, बघा: सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी), सोलां (सुकी कोकमे), मिरची. खोलीत तिघे असाल तर वर्गणी काढून एकत्रच घ्या, आणि सुकी मासळी कडक उन्हात एकदा तापवून मगच डब्यात भरा. नाहीतर जुलैत बुरशी धरते.