फळछाटणीआधी गवत कापताय? ग्रास कटर जोडण्याआधी रेडिएटर बघा

द्राक्षबागेची फळछाटणी तोंडावर आली आहे आणि ओळींमध्ये गवत गुडघ्याला लागले आहे. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत जो तो जुना छोटा ट्रॅक्टर बाहेर काढून मागे ग्रास कटर जोडणार. जोडा, पण आधी बॉनेट उचला आणि रेडिएटर बघा. आजचा सल्ला मुख्यतः एवढ्या एका कामासाठी आहे.

गवत कापणारा ट्रॅक्टर आणि छाटणीनंतर ब्लोअर (फवारणी यंत्र) चालवणारा ट्रॅक्टर बहुतेकांकडे एकच असतो. सप्टेंबरमध्ये गवतात इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते आणि ट्रॅक्टर गॅरेजला पडतो. तिकडे मेकॅनिक पार्टची वाट बघत असतो, इकडे बाग पोंग्यातून (नुकत्या फुटलेल्या डोळ्यातून) बाहेर येते, घड दिसू लागतात आणि परतीचा पाऊस गाठतो. रात्री सर, सकाळी दव, आणि फवारायला यंत्र नाही. शेजाऱ्याकडे मागावे तर त्यालाही त्याच सकाळी फवारायचे असते. केवडा (डाउनी मिल्ड्यू हा बुरशीरोग) घडावर उतरला की हंगाम गेलाच. दर वर्षी कुणाची तरी बाग अशी जाते आणि दोष मात्र पावसाला दिला जातो. त्या बागेचे नुकसान महिनाभर आधी, गवत कापतानाच ठरलेले असते.

कटरची पाती गवत कापतात तसे उडवतातही. एकदांडी आणि ओसाडी या तणांची फुले या दिवसांत पिकलेली असतात, धक्का लागला की त्यांची तुसे हवेत जातात. ट्रॅक्टरचा पंखा समोरून हवा ओढतो, त्या हवेबरोबर ही तुसे जाळीवर येऊन बसतात. जाळीतून सुटलेली थेट रेडिएटरच्या पाकळ्यांत शिरतात. तिथे वर्षभराच्या फवारणीचा, गंधकाचा आणि बोर्डोचा थर असतोच. त्याला ऑइलची ओल लागली की गोधडीसारखा जाड पापुद्रा तयार होतो आणि हवा बंद.

बाहेरची जाळी स्वच्छ दिसते म्हणून फसू नका. इंजिन बंद करून पंख्याच्या बाजूने टॉर्च धरा आणि समोरून बघा. उजेड आरपार दिसला पाहिजे. दुसरी खूण जुन्या ड्रायव्हरांची आहे: ट्रॅक्टर चालू असताना समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा तुकडा धरून सोडा. जिथे कागद चिकटून राहतो तिथे हवा जाते, जिथे खाली पडतो तिथे चोंदले आहे. जुन्या ट्रॅक्टरचा तापमानाचा काटा बऱ्याचदा बंदच असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

धुताना इंजिन पूर्ण गार हवे. पाणी पंख्याच्या बाजूने समोर मारा, म्हणजे कचरा आल्या वाटेने बाहेर पडतो. समोरून मारले तर तो आणखी आत ठासला जातो. वॉशिंग सेंटरचा जोराचा पंप नको, पातळ पाकळ्या वाकतात आणि वाकलेल्या पाकळ्यांतून हवा जात नाही. घरची नळी पुरते. थर चिकट असेल तर कपडे धुण्याची पावडर कालवून मऊ ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटे भिजू द्या, मग धुवा. डायनामो आणि एअर क्लीनरच्या तोंडाला आधी प्लास्टिक बांधा.

ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ही तपासणी रोजची सांगितलेली असते. फुलोऱ्यातल्या गवतात तेवढ्याने भागत नाही. दर तासाला थांबून जाळी झाडावी. ड्रायव्हरला तासावर पैसे देत असाल तर ती पाच मिनिटेही हिशेबात धरा, नाहीतर तो थांबणार नाही. माझ्या बघण्यात सकाळी दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत कापलेले बरे पडते. भर दवात ओले गवत कटरखाली गच्च बसते, भर दुपारी तुसे जास्त उडतात.

तरी पाणी उकळलेच, तर पीटीओ (कटर फिरवणारी ट्रॅक्टरची मागची जोडणी) बंद करा आणि दोन-तीन मिनिटे रेस न देता इंजिन चालू ठेवून मग बंद करा. फॅन बेल्ट तुटला असेल किंवा पाणी वाहून जात असेल तर लगेच बंद. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. सर्वांत घातक सवय म्हणजे विहिरीचे गार पाणी तापल्या इंजिनात ओतणे. त्याने हेडला तडा जातो आणि गॅस्केटवर निभावणारे काम हेडवर जाते. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, पांढरा धूर आणि पाणी कमी होत जाणे, यातले काहीही दिसले तर ट्रॅक्टर आजच गॅरेजला द्या आणि छाटणी पुढे ढकला. आधी छाटून मग ट्रॅक्टरची वाट बघू नका.

दुकानात या दिवसांत फ्लशच्या बाटल्या आणि गळती बंद करणाऱ्या पावडरी पुढे केल्या जातात. पावडर गळती बुजवता बुजवता आतल्या बारीक नळ्याही बुजवते. नवा रेडिएटर घेण्याआधी जुना तांबे-पितळेचा रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडून खोलून साफ करून घ्या. कूलंट डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, पण बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात नको. ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला ऐकू नका.

तीच गोष्ट केवड्याची. घडावर उतरल्यावर महागड्या मिश्र औषधांनी करपलेला घड परत येत नाही. पावसाआधी मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, वेळेवर पडले तर त्याचे मोल जास्त. निर्यातीच्या बागेसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी आणि आठवड्याचा सल्ला बघूनच औषध निवडा.

कटर जोडण्याआधी बाकीचे:

- इंजिन ऑइल आणि कटरच्या गिअरबॉक्सचे ऑइल
- एअर क्लीनर. ऑइल बाथ असेल तर वाटीतले ऑइल बदलणे
- फॅन बेल्ट, अंगठ्याने दाबल्यावर 10 ते 15 मिमी दबावा
- डिझेल फिल्टरमधले पाणी काढणे, हवा धरली असेल तर काढणे
- बॅटरीची टोके घासून घट्ट करणे
- पाती जोडीनेच बदलणे, बोल्ट तपासणे
- पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांचाच
- पीटीओ शाफ्टवर कव्हर. उपरणे, सैल कपडे नकोत
- ठिबकच्या नळ्या उचलून तारेला बांधणे
- अडकलेले गवत काढताना इंजिन बंद, चावी खिशात

आणि ट्रॅक्टरशिवाय चालणारा एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप, पाइप, गन छाटणीआधीच एकदा चालवून बघा. ट्रॅक्टर ऐनवेळी बंद पडलाच, तर पहिली फवारणी त्यावर निघते.