हीट पंपाचं बाहेरचं युनिट: स्वीडनमध्ये पहिलं घर घेतलेल्यांसाठी

पहिला ओला बर्फ पडला की मला एक तरी फोन येतोच. "ताई, बाहेरच्या युनिटमधून धूर येतोय! मेन स्विच पाडलाय. ११२ ला कळवू का?" (हल्ली 'ताई'ची 'काकू' झाली आहे, बाकी मजकूर तोच.) मी विचारते, धुराच्या आधी बाहेरचा पंखा थांबला होता का? हो. आत गरम हवा यायची बंद झाली होती? हो. जळका वास? नाही. मग स्विच चालू कर आणि चहा टाक. तो धूर नाही, वाफ आहे. युनिट स्वतःच्या अंगावरचा बर्फ वितळवतंय.

हे इथे कुणी सांगत नाही, कारण इथल्या लोकांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. आणि आपण येतो ते एसीचं ज्ञान घेऊन. सांगलीत काय नि पुण्यात काय, एसी म्हणजे आत गार, बाहेर फुफाटा, आणि पाणी ठिबकतं ते आतल्या युनिटचं. इथे हिवाळ्यात सगळं उलटं. बाहेरचं युनिट बाहेरच्या थंडीतूनच उष्णता ओढून आणतं. त्यासाठी त्याची कॉइल त्या हवेपेक्षाही गार असावी लागते, मग हवेतला दमटपणा तिच्यावर हिमासारखा धरतो. थर वाढला की यंत्र पाच-दहा मिनिटं उलटं चालतं, गरम गॅस बाहेर पाठवतं, थर सुटतो, वाफ निघते आणि पाणी खाली पडतं. याला सगळे डिफ्रॉस्टच म्हणतात. गंमत अशी की उणे पंधरात हे कमी वेळा होतं, कारण तेव्हा हवा कोरडी असते. खरा त्रास शून्य ते तीन अंशांच्या त्या गिचगिचीत हवेत. तेव्हा तासातासाला डिफ्रॉस्ट होतो आणि दिवसाकाठी बादलीभर पाणी सहज निघतं.

आपल्याकडे एसीचं पाणी खालच्यांच्या गॅलरीत पडतं म्हणून सोसायटीत भांडणं होतात. इथे ते तुमच्याच दारात पडतं आणि रात्रीत त्याची काच होते. "कुठलं मॉडेल घेऊ?" हे मला आजवर कितीतरी जणांनी विचारलं. "पाणी कुठे जाईल?" हे एकानेही नाही.

आधी एक गोष्ट तपासा: तुम्हाला हा पंप हवा आहे का? घराला जिल्हा-हीटिंगचं, म्हणजे मध्यवर्ती केंद्रातून नळांनी घरोघरी फिरवलेलं, गरम पाणी येत असेल, तर घाई नको. नव्या घरांत बऱ्याचदा आतलीच वापरलेली हवा पिळून घेणारा पंप असतो, त्याला बाहेरचं युनिटच नसतं. पण आपले बहुतेक लोक स्टॉकहोमच्या आसपास जी १९७०-८० च्या दशकांतली रांगेतली घरं घेतात, तिथे खिडकीखाली विजेचे रेडिएटर असतात. त्या घरांत हवेतून हवेत उष्णता देणारा साधा पंप पैसे वाचवतो, यात वाद नाही. बाहेर सात अंश असताना एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. कडाक्याच्या थंडीत ती दोनवर येते, तरी रेडिएटरच्या दुप्पट.

आता जागा. यावर मी लांबण लावणार आहे, कारण इथेच माझे पैसे बुडाले.

आम्ही घर घेतलं २०१४ साली. आपल्यातल्याच एकाने एक माणूस सुचवला: रोख घेतो, पावती देत नाही, सहा हजार क्रोनर वाचतात. आपल्या लोकांच्या ग्रुपवर "कितीला पडलं?" हा पहिला प्रश्न असतो, आणि सर्वांत कमी आकडा सांगणारा त्या आठवड्याचा हिरो. आम्हीही हिरो झालो. त्याने युनिट झोपायच्या खोलीच्या भिंतीवर ठोकलं, बरोब्बर वळचणीखाली. नळ्या जोडल्या, नळीतली हवा पूर्ण ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावलाच नाही, नुसता थोडा गॅस सोडून ती बाहेर ढकलली आणि झालं म्हणाला. मी त्याला चहा देत शेजारी उभी होते. काही खटकलं नाही, कारण सांगलीतला एसीवाला माझ्या माहेरी असंच करून गेला होता.

पहिल्या हिवाळ्यात कळलं की लाकडी घराची भिंत म्हणजे तंबोऱ्याचा भोपळा. कॉम्प्रेसर घूं करू लागला की उशीतून ऐकू यायचं. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत दोन दिवस ऊन पडलं. आढ्याचं पाणी वळचणीला जातं हे आपण लहानपणापासून म्हणतो, पण आढ्यावरचा बर्फही वळचणीलाच येतो हे मला त्या दुपारी समजलं. छपरावरची अख्खी लादी सुटली आणि युनिटवर आदळली. ब्रॅकेट वाकला, नळीचा सांधा फाटला, गॅस गेला. विमावाल्यांनी बसवल्याची पावती मागितली. नव्हती. वॉरंटीसाठी कंपनीनेही तीच मागितली. नवं यंत्र, नवी बसवणी मिळून सत्तावीस हजार क्रोनर गेले, तेही फेब्रुवारीत, पोरांना घरात टोप्या घालून बसवून. सहा हजार वाचवायला सत्तावीस हजार. नवऱ्यासमोर हा विषय अजूनही काढायचा नसतो, कारण तो माणूस त्याच्या मित्राने सुचवला होता.

म्हणून जागा ठरवायला बसवणारा यायच्या आधी स्वतः घराभोवती एक फेरी मारा. वळचणीखाली नको, म्हणजे बर्फही नको आणि पागोळ्याही नकोत. पागोळ्यांचं पाणी युनिटवर गोठलं की पंखा अडकतो. दुसरी जागाच नसेल तर छपरावर बर्फ अडवणारी आडवी पट्टी बसवून घ्या. जमिनीपासून निदान अर्धा मीटर उंच असू द्या, खाली दगडगोटे भरलेला खड्डा करा, म्हणजे पाणी जिरेल. पायवाटेच्या कडेला किंवा दाराच्या पायरीजवळ तर अजिबात नको. आमच्या ओळखीतल्या एका आजी भारतातून आल्या आणि चौथ्या दिवशी तिथेच घसरून मनगट मोडून बसल्या. भिंतीवर ठोकण्यापेक्षा जमिनीवरचा लोखंडी स्टँड आणि खाली रबर बरं. पाठीमागे भिंतीपासून वीतभर अंतर, समोर मोकळं.

आणि युनिट झाकायची ती लाकडी पेटी घेऊ नका. युनिट दिसायला कुरूप असतं हे मान्य, आणि दुकानात छान लाल रंगाची, पांढऱ्या कडांची, खेळण्यातल्या घरासारखी पेटी मिळते हेही मान्य. पण पट्ट्यांमधून हवा नीट जात नाही, सोडलेली गार हवा तिथेच फिरून परत आत ओढली जाते, आणि मग डिफ्रॉस्ट वाढतात. वर एक साधं छप्पर पुरे.

शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर तोंड करून लावू नका. पर्यावरण खात्याची मार्गदर्शक मर्यादा रात्री ४० डेसिबल आहे, ती शेजाऱ्याच्या घराच्या भिंतीपाशी मोजतात. स्वीडिश शेजारी तोंडावर काही बोलणार नाही. बर्फ झाडताना हसून 'हेय' म्हणेल, हवेवर बोलेल, आणि सहा महिन्यांनी पत्रपेटीत अतिशय नम्र भाषेतली चिठ्ठी टाकेल. ती चिठ्ठी आली म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. त्यापेक्षा आधीच दाखवा, "इथे लावतोय, चालेल ना?" आपण कुणाला विचारायला जाणं म्हणजे परवानगीची भीक वाटते काही जणांना, इथे ती साधी माणुसकी समजतात. घर बोस्ताद्सरेट असेल, म्हणजे संस्थेचं घर आणि तुमचा राहण्याचा हक्क, तर संस्थेच्या मंडळाची लेखी परवानगी हवीच. बाहेरची भिंत तुमची नाही. न विचारता लावलेलं युनिट उतरवायला लागलेलं मी पाहिलं आहे. स्वतंत्र घराला नियम कोम्यूनप्रमाणे (म्हणजे इथल्या नगरपालिकेप्रमाणे) बदलतात, एक फोन करून टाका.

बसवणाऱ्याबद्दल थोडक्यात. गॅसचं काम करणारी कंपनी प्रमाणित असावी लागते. हे प्रमाणपत्र देणाऱ्या इन्सर्ट या संस्थेच्या यादीत नाव शोधा. विजेचं काम करणारी कंपनी वीजसुरक्षा खात्याकडे नोंदलेली हवी, तेही नेटवर तपासता येतं. इंटरनेटवरून यंत्र मागवून स्वतः बसवणारे महाभाग आपल्यात आहेत, "यूट्यूबवर बघितलं, सोपं आहे." स्टँड उभा करा, खड्डा खणा, हौस भागवा. नळ्यांना हात लावू नका. बसवणारा आला की त्याच्याजवळ व्हॅक्यूम पंप, मीटर आणि टॉर्क पाना आहे का ते बघा. आधी नायट्रोजन भरून गळती तपासली का, व्हॅक्यूम किती मायक्रॉनवर आला (नळीत उरलेल्या दाबाचं हे माप, जितकं कमी तितकं चांगलं), हे विचारा. पाचशेच्या खाली आला आणि तिथे टिकला तर ठीक. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट मीटर वळवून दाखवतो. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि भिंतीतला प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा पुन्हा नीट चिकटवलेला असावा, नाहीतर घरातला दमटपणा लाकडात जातो. बाहेरच्या युनिटच्या तळाला वितळलेलं पाणी पडतं त्या थाळीत हीटर आहे ना, ते यंत्र घेतानाच विचारा. काही मॉडेलना तो वेगळा घ्यावा लागतो आणि मग कुणीच घेत नाही.

पैशांचं: मजुरीवर रॉट सवलत (घराच्या कामांवरची करसवलत) मिळते, ३० टक्के, माणशी वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० क्रोनर. (२०२५ मध्ये मे ते डिसेंबर ती ५० टक्के होती; ते दिवस गेले.) यंत्राच्या किमतीवर नाही. घराचे मालक तुम्ही असायला हवे, तुमचा तेवढा कर भरलेला हवा, घर पाच वर्षांहून नवं नसावं, आणि पैसे रोख देऊन चालत नाही. कंपनी बिलातूनच वजा करते. पतीपत्नी दोघं मालक असाल तर दोघांच्या नावावर विभागता येते.

आता बिघाड. घर गरम होत नाही म्हणून फोन करण्याआधी आतल्या युनिटची जाळी काढून बघा. आपल्या फोडणीचा तेलकट धूर त्या जाळीवर बसतो. स्वीडिश माहितीपुस्तिकेत काहीही लिहिलेलं असो, मराठी स्वयंपाकघरात ती दोन आठवड्यांनी धुवा. मग रिमोट बघा. 'ऑटो'वर असेल तर काढा, सूर्याच्या चिन्हावर ठेवा. मग रेडिएटर बघा, कारण नवे लोक हमखास इथे फसतात: रेडिएटर २१ वर आणि पंपही २१ वर. रेडिएटर आधी तापतात, पंपाला वाटतं काम झालं, बिल होतं तेवढंच राहतं, आणि मग हा माणूस ग्रुपवर लिहितो, "हीट पंप म्हणजे फसवणूक." रेडिएटर १८ वर आणा. पंप २१ वर ठेवून विसरून जा. गीझरसारखा सकाळी लावायचा, निघताना बंद करायचा, असलं काही करू नका.

बर्फ कुठे धरलाय त्यावरून बरंच कळतं. कॉइलभर पातळ पांढरा थर असेल आणि डिफ्रॉस्टनंतर जात असेल तर सगळं ठीक आहे. फक्त खाली जाड बर्फ साचत वर चढतोय, तर थाळीचा हीटर गेलाय किंवा पाण्याचं छिद्र बुजलंय. कॉइलच्या एका पट्ट्यातच बर्फ आणि बाकी कोरडी, आत हवा कोमट, तर गॅस कमी झाल्याची शक्यता मोठी. तिथे तुमचं काम संपलं, कंपनीला बोलवा. डिफ्रॉस्ट होऊनही सगळी कॉइल तासन् तास बर्फात गाडलेली, तर सेन्सर किंवा आतला दिशा बदलणारा व्हॉल्व्ह. विजेची गळती झाली की आपोआप पडणारा सुरक्षा स्विच ओल्या दिवशी वारंवार पडत असेल, तर पहिला संशय थाळीच्या हीटरच्या वायरवर. स्विच पुन्हा पुन्हा वर करत बसू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

पंख्यातून खडखड आली तर ताबडतोब बंद करा, पात्याला बर्फ लागतोय. कोमट पाणी हळूहळू ओता, तेही भर थंडीत नव्हे, बाहेरची हवा शून्याच्या आसपास असेल तेव्हा. स्क्रू-ड्रायव्हर, उलथणं, लाटणं, काही घेऊन ठोकू नका. लाटणं मी गमतीत लिहिलेलं नाही. कॉइलच्या पत्र्या पापडासारख्या असतात आणि त्यांच्यामागेच गॅसची नळी.

डिसेंबरात भारतात जाताना पंप बंद करून जाऊ नका. बहुतेक यंत्रांत आठ-दहा अंशांवर घर राखायची सोय असते, ती लावा, रेडिएटरही तेवढ्यावर ठेवा आणि पाण्याचा मुख्य नळ बंद करा. शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा युनिटभोवतीचा बर्फ बाजूला करायला सांगा, येताना त्याच्यासाठी काजूकतली आणा. चकली आवडत नाही त्यांना.

युनिटखालची जमीन गुळगुळीत झाली की तिथे मीठ टाकायचा मोह होतो. मीठ पत्र्याला आणि स्टँडला खातं. आमचं कोम्यून हिवाळ्यात रस्त्याच्या कडेच्या पेट्यांतून घरमालकांना बारीक खडी फुकट देतं, बादली घेऊन जा. तुमच्याकडे अशी पेटी कुठे आहे ते ऑक्टोबरातच बघून ठेवा, जानेवारीत तिचं झाकण गोठलेलं असतं.